सहा क्यूबिटांचे यंत्र आणि आपला शिक्षणनिधी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात नागपूर येथे केलेले भाषण)



आपल्या नेहमीच्या संगणकाचे प्रत्येक घर एका वेळी शून्य किंवा एक, असा एकच अंक धारण करते. क्यूबिट मात्र मोजला जाईपर्यंत दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. सहा क्यूबिट जोडले म्हणजे त्या मिश्रणात ६४ अवस्था सामावतात. दहा जोडले म्हणजे १०२४. नवी औषधे व नवी द्रव्ये शोधण्यास या शक्तीचा उपयोग व्हावा, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे.

परंतु ही अवस्था फार नाजूक. किंचित उष्णतेनेही ती मोडते. अतिवाहक क्यूबिट सिलिकनच्या चकतीवर ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म रचनेने घडवितात आणि शून्याखाली सुमारे २७३ अंशांवर ठेवतात. वैशाखात ४५ अंश सोसणाऱ्या आपणा नागपूरकरांस त्या थंडीची कल्पनाच करावी लागेल! एवढे करूनही ती अवस्था सेकंदाच्या अल्पांशापुरतीच टिकते व गणितात चुका शिरतात. क्यूबिट वाढवावेत आणि चुका घटवाव्यात, हीच खरी अडचण आहे.

असे सहा क्यूबिटांचे यंत्र मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्ध झाले. त्याची चाचणी पूर्ण झाल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. क्यूबिट त्या संस्थेने घडविले. नियंत्रणाची व मापनाची सामग्री पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने जुळविली. दुरून आज्ञा पाठविण्याची सोय टाटा कन्सल्टन्सीने केली. सहा क्यूबिटांचे गणित घरचा संगणकही करील, हे खरे. तथापि ही सर्व अंगे एकत्र चालविण्याची विद्या आपल्या माणसांस साधली, हे त्याचे मोल होय.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६००३ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम योजना मंजूर केली. आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटांची यंत्रे उभारावीत, हा तिचा एक संकल्प आहे. पैसा मिळाला, माणसे कोठून येणार? उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलास आपण वैद्यकीकडे वा अभियांत्रिकीकडे धाडतो, आणि पदार्थविज्ञान घेऊ इच्छिणाऱ्या मुलीस “पुढे काय?” असे विचारून गप्प बसवितो. आईबापांची चिंता खोटी नाही. संशोधनात वर्षे जातात आणि मिळकत उशिरा सुरू होते. नेमक्या त्याच वर्षांत ज्ञातीने पाठीशी उभे राहावे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी एक शिष्यवृत्ती विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस, अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत, देण्यात यावी. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.