आधी गाठ पाहू, मग हत्यार ठरवू



 

कोल्हापुरातल्या मूत्रशल्यचिकित्सकांच्या या परिषदेत पहिल्याच सत्रात आपण कर्करोग झालेलं मूत्रपिंड दुर्बिणीने काढावं की कूस उघडून, हा प्रश्न घेतला आहे. १९६०च्या दशकात टोरांटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी या शस्त्रक्रियेची शिस्त घालून दिली. रक्तवाहिन्या आधी बांधायच्या आणि मूत्रपिंड भोवतालच्या चरबीसह, गेरोटाच्या आवरणासकट एकसंध बाहेर काढायचं. माझी पिढी हेच शिकली. मग जून १९९० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांनी ८५ वर्षांच्या एका आजींचं गाठ असलेलं मूत्रपिंड दुर्बिणीने काढलं. त्याला जवळपास सात तास लागले. आपणही मागे नव्हतो. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर दुर्बिणीचा फायदा निर्विवाद आहे. कुशीवरच्या छेदात स्नायूंचे थर कापले जातात, कधी बरगडीचा तुकडा काढावा लागतो, मज्जातंतू दुखावला तर कूस कायमची फुगीर राहते. शेतात किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाला ते फार महाग पडतं. दुर्बिणीत तीन-चार छिद्रं आणि पिशवीत घातलेलं मूत्रपिंड अख्खं बाहेर काढण्यापुरता छोटा छेद पुरतो. रक्तस्राव कमी, वेदना कमी, घरी जाणं लवकर. पिशवीतच मूत्रपिंडाचे तुकडे करण्याची सुरुवातीची पद्धत कर्करोगासाठी मागे पडली ते बरंच झालं. तुकड्यांवरून आजाराचा टप्पा नीट ठरवता येत नाही.

आणि कर्करोग परतण्याचं काय? मूत्रपिंडापुरत्याच असलेल्या गाठींत दोन्ही पद्धतींचे दीर्घकालीन निकाल सारखेच दिसतात. पण ही माहिती मुख्यतः रुग्णांच्या नोंदींतून आलेली आहे, मोठ्या यादृच्छिक चाचण्या थोड्याच आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सगळे दुर्बिणीच्या बाजूने झुकले असताना २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीच्या गटात आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून एका अवयवाचा निकाल दुसऱ्याला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत बहुतेक वेळा फक्त गाठ काढून मूत्रपिंड वाचवता येतं. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या आपल्या समाजात ते वाचवणं फार मोलाचं आहे. दुर्बिणीने ते जमत नसेल, तर दुर्बिणीच्या हौसेपायी अख्खं मूत्रपिंड काढू नका. कूस उघडा आणि मूत्रपिंड राखा. छोटा व्रण हा गमावलेल्या मूत्रपिंडाचा मोबदला होऊ शकत नाही. गाठीची गुठळी अधोमहाशिरेत वर चढली असेल, आजूबाजूचे अवयव चिकटले असतील, तिथे तर आजही बहुधा पोट उघडावंच लागतं. रोबोट आल्यानेही हे बदललेलं नाही.

त्यामुळे आज शिकणाऱ्या मुलामुलींची मला चिंता आहे. पडद्यावर सफाईने चालणारे त्यांचे हात मोठी शीर फाटल्यावर पोट उघडून ती धरू शकतील का? ते कौशल्य शिकवणं आपल्या पिढीचं कर्तव्य आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे फार वर्षं उरलेली नाहीत.

म्हणून माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे. या व्यासपीठावर केवळ देखण्या चित्रफिती दाखवू नका. दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागलं, ते रुग्णही मांडा, तो निर्णय कोणत्या क्षणी घेतला तेही सांगा. आणि ज्येष्ठांनो, परत गेल्यावर पुढची मोठी ओपन शस्त्रक्रिया कराल तेव्हा समोरच्या बाजूला एका शिकाऊ डॉक्टरला उभं करा.