ठाण्याचे ‘अरुणोदय’कर्ते फडके घराणे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वृत्तपत्रामुळे नावारूपास आलेले घराणे म्हटले की पुण्याचे टिळक आठवतात. ठाण्याचे फडके कोणास आठवत नाहीत. कै. काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ साली ठाण्यात ‘अरुणोदय’ साप्ताहिक काढले, तेव्हा ‘केसरी’ निघावयास पंधरा वर्षे अवकाश होता. आगगाडी १८५३ साली ठाण्यास व पुढील वर्षी कल्याणास आली होती. मुंबईची पत्रे आता सहज हाती पडू लागली असता जिल्ह्याच्या गावी निराळे पत्र चालविणे हे साहसच. वर्गणीदार काही शेकडे. अरुणोदय छापखान्यात पुस्तकेही छापली जात. पत्राला खरा टेकू त्या छापखान्याचाच असावा, असे आम्हांस वाटते.

पुढे एक सोडून दोन पत्रे झाली. चिरंजीव धोंडो काशिनाथ ‘अरुणोदय’ पाहात, तर कृष्णाजी काशिनाथ ‘हिंदुपंच’. हे दुसरे विनोदी पत्र. लंडनच्या ‘पंच’चे नाव घेतलेले आणि चिमटे काढण्यात तसेच पटाईत.

१९०८ साली लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ‘अरुणोदय’च्या संपादकांवरही राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस कारावास घडला. हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतरचे सांगताना मात्र जीभ अडखळते. लोकमान्यांच्या शिक्षेमागे नामदार गोखल्यांचा हात आहे, असा आरोप ‘हिंदुपंचा’ने केला. गोखल्यांनी १९०९ साली अब्रुनुकसानीचा दावा लावला व तो जिंकला. हा भाग आजच्या भाषणातून गाळावा, अशी सूचना आम्हांस प्रेमाने करण्यात आली होती. आम्ही ती मानली नाही. फडके आपले, तसे गोखलेही आपलेच. आणि लोकमान्यांच्या शिक्षेचा संताप कितीही खरा असला, तरी संतापाने पुरावा निर्माण होत नाही. कुलवृत्तान्तात कारावास लिहावयाचा, तर हा निकालही त्याच पानावर लिहिला पाहिजे.

आता एक विनंती. ठाण्या-कल्याणातील जुने वाडे पडत आहेत, माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत जात आहेत. आपल्या घरी ह्या दोन पत्रांचा एखादा फाटका अंक जरी निघाला, तरी तो टाकू नये. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३ पासून आपल्या दाराशी आहे, तेथे दाखवावा, अथवा कार्यवाहांकडे आणून द्यावा.