मधल्या पानांची सोबत

गावोगावचे प्रकाशक, ग्रंथपाल, वाचक आणि अर्धी कादंबरी पिशवीत घेऊन इथवर आलेल्या माझ्या लेखक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं कृष्णाकाठच्या सांगलीत मनापासून स्वागत करते. कुणी रात्रीच्या एसटीनं आलात, कुणी दोन दिवसांची रजा टाकून, कुणी धाकट्या लेकराला कडेवर घेऊन. त्या लेकरांसाठी शेजारच्या खोलीत सोय केली आहे. आयांनी निश्चिंतपणे इथं बसावं.

स्वागताध्यक्षानं आपल्या मुलखाचं थोरपण सांगायचं, ही जुनी रीत. मलाही ते सांगायला आवडतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ याच गावात रंगवलं. वि. स. खांडेकरांचा जन्म इथला, 1898 चा. पुढे शिरोड्याच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी लिहिली, ती आली 1930 साली. ‘फकिरा’ लिहिणारे अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. ही नावं घेताना ऊर भरून येतो. पण ती आपल्या ओठांवर आहेत, कारण या माणसांनी हातातलं लिखाण पुरं केलं. जे शंभराव्या पानाशी थांबले, त्यांची यादी वाङ्मयाच्या कुठल्याही इतिहासात नाही. आजचं संमेलन त्यांच्यासाठी आहे.

मी लेखिका नाही. वडिलांनी सुरू केलेला छापखाना मी चालवते. आमच्याकडे जुळारी उभ्यानं खिळे जुळवत, तेव्हापासून हस्तलिखितं बघत आले आहे. आता सगळं संगणकावर असतं, पण माणसं येतात ती तशीच. प्रॉव्हिडंट फंडातून उचल करून कुणी येतं. कुणी निवृत्तीच्या पैशातून. पाचशे प्रतींचा खर्च विचारतात, कागद बोटांनी चाचपून बघतात, मुखपृष्ठावर कुणाचं चित्र घ्यावं, यावर तासभर बोलतात. मी हस्तलिखित चाळते, तेव्हा पहिली सत्तर-ऐंशी पानं बहुधा जीव लावून लिहिलेली दिसतात. गाव दिसतो, आजी दिसते, बोली कानात वाजते. मग कुठेतरी अक्षर बदलतं, शाई बदलते, मध्ये सहा महिने गेल्याचं कळतं आणि शेवटची तीस पानं धावत सुटलेली असतात. प्रूफं तपासताना ऱ्हस्वदीर्घ सुधारता येतं. नवव्या प्रकरणानंतर नायिका गप्प का झाली, हे प्रूफं तपासताना सुधारता येत नाही. ते विचारणारं माणूस लेखकाला वर्षभर आधी भेटायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं. आणि फार वाईट वाटतं, कारण ती पहिली सत्तर पानं खरी असतात.

पहिली कादंबरी मधेच का थांबते? आळस म्हणून तो प्रश्न मोडीत काढू नये. कविता एका रात्रीत उतरू शकते, कथा दोन रविवारांत आकाराला येते. कादंबरीला दोन-तीन वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात आयुष्य मध्ये येतं. आमच्या तासगाव भागात द्राक्षबागायतदार लिहिणारा असेल, तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी त्याला विचारून येत नाही. फळछाटणीनंतर माल उतरेपर्यंत बाग सोडून दुसरं काही सुचत नाही. तेवढ्या अवधीत पात्रं डोक्यातून निघून जातात. बाईचं तर विचारू नका. तिचा लिहिण्याचा वेळ घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याखुपण्यातून, परीक्षांतून, पाहुण्यांतून उरलेला असतो. आणि तिनं दुपारी दार लावून घेतलं, तर त्याचं कारण तिला द्यावं लागतं.

दुसरं कारण लिखाणाच्या आतलं आहे. सुरुवात आठवणींच्या बळावर होते. शंभर पानांनंतर आठवणींचा साठा सरतो. तिथून पुढे कोण काय जाणतो, कोण काय लपवतो, कथा सांगणारा कुठे उभा आहे, दहा वर्षं दोन ओळींत जाऊ द्यायची की एक संध्याकाळ चाळीस पानं चालवायची, हे सगळं ठरवावं लागतं. ही कारागिरी आहे. गाण्याला गुरू असतो, कुस्तीला वस्ताद असतो, आणि कादंबरी मात्र ज्यानं-त्यानं अंधारात चाचपडत शिकावी, अशी आपली अपेक्षा.

मराठीत हे नेहमी असं नव्हतं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः छापली. पुढचं प्रकरण ठरलेल्या वारी हवंच, आणि वाचक त्याची वाट पाहणार, या दोन गोष्टींनी मराठी कादंबरी किती पुढे नेली, याचा विचार करावा. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळीची तारीख हीच कित्येक मराठी लेखकांची वेळापत्रकं ठरवत आली. आम्हा छापखानेवाल्यांना त्या धांदलीत झोप नसते, पण तिच्यामुळे काय काय लिहून झालं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रकाशक ह. वि. मोट्यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. तो कथासंग्रह, कादंबरी नव्हे. समाजात केवढं वादळ उठलं, हे आपण जाणता. प्रकाशकानं लेखिकेचं खरं नाव सांभाळलं. त्या आडोशामुळे मालतीबाई बेडेकर पुढे लिहीत राहू शकल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही त्यांची कादंबरी आली. लिहिणाऱ्या बाईला पैशाआधी हा आडोसा लागतो, हे आजही तितकंच खरं आहे. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्या पत्रांविषयी तर मराठी लेखकांच्या दोन पिढ्या बोलत आल्या. लेख परत यायचा, पण सोबत पत्र यायचं. इथे सैल झालंय, हे पात्र तुम्हाला अजून दिसलेलं नाही, पुन्हा बघा. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये थांबली. ती पत्रं लिहिणारी जागा त्यानंतर रिकामी राहिली, असं माझं स्पष्ट मत आहे. आज नवा लेखक हस्तलिखित पाठवतो आणि वर्षभर होकारही येत नाही, नकारही येत नाही.

मदत मुळीच नाही, असं मी म्हणणार नाही. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं, त्यातून कित्येक पुस्तकं उजेडात आली. पण ते अनुदान मिळवायला हातात पुरं हस्तलिखित असावं लागतं. आमच्या जिल्ह्यात औदुंबरला दर संक्रांतीला संमेलन भरतं, गावोगावी ग्रामीण संमेलनं होतात, पुरस्कार दिले जातात. हे सगळं हवंच. फक्त पुस्तक झाल्यावर हार घालणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत, पुस्तक होत असताना शेजारी बसणारं कुणी नाही.

केंद्र सरकारनं 2021 मध्ये राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत युवा लेखकांसाठी मार्गदर्शन योजना आणली. तिशीच्या आतले 75 लेखक निवडले, प्रत्येकाला सहा महिने दरमहा 50,000 रुपये आणि सोबत मार्गदर्शक. लिहिण्याच्या काळाला पैसे द्यायचे, हा विचार मला फार मोलाचा वाटला. माझी तक्रार दोनच गोष्टींवर आहे. विषय वरून ठरलेला होता, आणि तिशीची अट होती. आपल्याकडे पहिली कादंबरी पुष्कळदा चाळिशीनंतर सुचते. मुलं शाळेत जाऊ लागतात, कर्ज फिटत येतं, तेव्हा माणूस मागे वळून बघतो. बाईच्या बाबतीत तर पन्नाशीही लवकरची.

बाहेर काय चालतं, तेही बघितलं पाहिजे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं 1936 पासून लेखनाचा अभ्यासक्रम चालवला. तिथल्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात सत्तरच्या दशकात आपले दिलीप चित्रे राहून आले. लंडनमध्ये फेबर या प्रकाशनसंस्थेनं कादंबरीलेखनाचे वर्ग सुरू केले. एस. जे. वॉटसन नावाचा आरोग्यसेवेत नोकरी करणारा गृहस्थ त्या वर्गात बसला. तिथे लिहिलेली त्याची पहिली कादंबरी 2011 मध्ये आली आणि जगभर खपली. 1999 पासून अमेरिकेतल्या काही मंडळींनी एका महिन्यात पन्नास हजार शब्द लिहिण्याचा उपक्रम चालवला, तोही पुष्कळ पसरला. त्यानं लिहिण्याची भीती जाते, हे खरं. पण रोज सोळा-सतराशे शब्द आमच्या शिक्षकाला, नर्सला, शेतकऱ्याला झेपणारे नाहीत, आणि महिन्याअखेरीस जे हातात उरतं, त्याचं पुढे काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मला स्वतःला एका वर्षाची संथ चाल अधिक भरवशाची वाटते.

लेखकांनी गटात बसून लिखाण वाचावं, अशी आमची योजना आहे. तिच्यावर एक आक्षेप, जो मी स्वागत समितीच्या बैठकीतही ऐकला. कादंबरी ही काय समितीनं लिहायची गोष्ट आहे? पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 साली रा. ज. देशमुखांनी छापली, ती आधी एखाद्या गटात वाचली असती, तर ‘हे असं तुटक का लिहिलंय, नीट गोष्ट सांगा’ असं दहा जणांनी म्हटलं नसतं का? हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. गट नेहमी ओळखीच्या वळणाकडे ओढतो. माणदेशी बोलीत लिहिणाऱ्या पोराला कुणीतरी पुणेरी करून टाकेल, ही भीती मलाही आहे. पण ‘कोसला’लाही देशमुख लागले, हे विसरू नये. त्या वेगळेपणावर स्वतःचे पैसे आणि नाव लावणारा एक वाचक तिला मिळाला. म्हणून आम्ही ठरवलंय की, गटाला दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार राहणार नाही. कुठे थांबलो, कुठे कळलं नाही, कुठे मागे जाऊन वाचावंसं वाटलं, एवढंच वाचणाऱ्यानं सांगायचं. काय करायचं, ते लेखक ठरवील. बोलीला हात लावायचा नाही.

तर स्वागत समितीनं काय योजलंय, ते सांगते. तीन दिवसांचा मांडव आणि पंगती यांवर होणारा खर्च आम्ही निम्म्यावर आणला. जेवण साधं आहे, त्याबद्दल राग मानू नये. उरलेली रक्कम वर्षभरासाठी राखून ठेवली आहे. इथे आलेल्या लेखकांचे पाच-सहा जणांचे गट होतील. प्रत्येक गटाला एक अनुभवी कादंबरीकार आणि एक मुरलेला वाचक मिळेल, आणि वर्षभर तीच माणसं राहतील, कारण दर महिन्याला नवा सल्लागार आला की लेखक दर महिन्याला नवी सुरुवात करतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वीस पानं द्यायची. बरी असोत, वाईट असोत, द्यायची. पहिला खर्डा संपेपर्यंत मागची प्रकरणं सुधारायला कुणी बसणार नाही, हा नियम मी हट्टानं घालून घेतला आहे. पहिलंच प्रकरण सात-सात वेळा लिहून दुसऱ्याला हात न लावलेली माणसं मी पाहिली आहेत.

ज्यांना छाटणी, गळीत हंगाम, परीक्षा अशी कामं आहेत, त्यांचे महिने आधी ठरवून सोडले जातील. सुटलेला महिना म्हणजे नापास होणं नव्हे. रोजंदारीवर जगणाऱ्यांना लिहिण्याच्या दिवसांची बुडालेली मजुरी मिळेल. ती मदत म्हणून न मानता मानधन म्हणून घ्यावी. इथल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीनं वरच्या मजल्यावरची खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवायचं कबूल केलं आहे. आणि माझ्या छापखान्याकडून एक गोष्ट: पहिला खर्डा पुरा झाला की त्याच्या पाच प्रती मोठ्या अक्षरात, रुंद समास सोडून, आम्ही विनामूल्य छापून बांधून देऊ. आपलं लिखाण छापील अक्षरात वाचलं की ते दुसऱ्याचं असल्यासारखं दिसतं आणि दोष लगेच नजरेत येतात. पुस्तक छापण्याआधीची ही छपाई मला सगळ्यात उपयोगाची वाटते.

प्रकाशक मंडळींना एक विनंती. वर्षाअखेरीस जे खर्डे पुरे होतील, ते आपण वाचावेत आणि तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं. नकार असला तरी चालेल, पण त्यासोबत दोन ओळी कारण असावं. काही जणांनी हे आधीच मान्य केलं आहे, त्यांचे मी इथे जाहीर आभार मानते. घरच्यांनाही माझं हात जोडून सांगणं आहे. तुमच्या घरातलं माणूस महिन्यातला एक शनिवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मागतंय. त्या त्याला द्या.

दुपारी अडीचला मागच्या सभागृहात गट ठरतील. तिथे आपलं नाव, तालुका आणि कादंबरी कितव्या पानाशी अडली आहे, एवढंच लिहून द्यायचं आहे. विषय सांगण्याची सक्ती नाही. अध्यक्षमहाराज, आता हे संमेलन मी आपल्या स्वाधीन करते.