केमोनंतरचा ताप



शाळेच्या सहलीला आलो होतो, त्याच बोदलकसा तलावाच्या काठी आज पुन्हा भेटतो आहोत. आठवणी तुम्ही सांगालच. मी एक कामाची गोष्ट सांगते, कारण आता आपल्या घरोघरी आईवडिलांची आजारपणं आहेत.

माझ्या आईला कर्करोग झाला. नागपूरला केमो घेऊन ती गावी परतली. दहाव्या रात्री तिला ताप भरला. फोनवर मीच म्हणाले, "पॅरासिटामॉल घे, सकाळी बघू." सकाळी तिला उठून बसता येईना. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. भावाने तशीच गाडीत घालून तिला नागपूरला नेलं. ती वाचली, पण ती रात्र मी वाया घालवली, हे विसरता येत नाही.

केमोने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत जास्त. त्यांतल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या, की आपल्याच आतड्यातले जंतूही जिवावर उठतात. सूज नाही, पू नाही. कित्येकदा ताप ही एकच खूण. पॅरासिटामॉल तीही झाकतं. म्हणून थर्मामीटर १००.४ फॅरनहाइट दाखवू लागला, की थेट रुग्णालय गाठा. तिथे तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

रात्री गाडी कुणाची, हे केमोआधीच ठरवून ठेवा. कुणाचीच नसेल, तर आपल्यापैकी कुणालाही उठवा. संकोच करू नका.