आमची आजी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला आजीविषयी दोन शब्द बोलायला सांगितले. २००३ साली ती गेली. इथल्या वडीलधाऱ्या मंडळींना ती आठवत असेल. वर्षावासात ग्रंथवाचन सुरू झाले की पहिल्या ओळीत बसणारी म्हातारी, ती आमची आजी. तिला अक्षरओळख नव्हती, पण वाचणाऱ्याने घाईत एखादे पान गाळले की लगेच टोकायची, "काऊन रे, मधातलं खाल्लं काय?"

आजी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. मजुरी हजारावर. त्यातही मुनीम चांगल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा, तेव्हा आजी त्याच्यापुढे ठाण मांडून एकेक विडी दाखवायची. त्या मजुरीवर तिने चार लेकरे शिकवली.

हे बळ तिला कुठून आले? ती स्वतः दोन दिवसांची नावे घ्यायची.

पहिला दिवस २० जुलै १९४२. नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बायकोला घटस्फोटाचा हक्क असावा, एक बायको असताना दुसरी करण्यावर बंदी यावी, गिरणीतल्या बायांना रजा मिळावी, असे ठराव तिथे झाले. आजीचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. सासूचा पदर धरून ती गर्दीत मागे उभी होती. बाबासाहेबांच्या भाषणातले एक तिने जन्मभर जपले : बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, दासी होऊ नये.

दुसरा दिवस १४ ऑक्टोबर १९५६. पांढरे लुगडे नेसून, धाकट्याला कडेवर घेऊन ती इंदोऱ्यातून पायी दीक्षाभूमीवर गेली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरी येताच देव्हारा उतरवला. शेजारीण म्हणाली, घाई कशाला? आजी म्हणाली, "शपथ घेतली तं पाळाच लागते."

आता माझी गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय आजी पुरी होत नाही. १९८८ साली माझे लग्न ठरले. मी नोकरीवाला, पदवीधर. सासरच्यांनी स्कूटर कबूल केली होती. आम्ही त्याला हुंडा म्हणत नव्हतो, 'त्यांची खुशी' म्हणत होतो. लग्नाच्या दिवशी हार घातलेली ती स्कूटर मांडवाच्या दारात उभी. आजीने ती पाहिली आणि रस्त्याच्या कडेला निंबाखाली जाऊन बसली. पाहुणे विनवायला गेले, उठेना. शेवटी मी गेलो. म्हणाली, "बकरा बाजारात विकतेत रे बापू. तू काऊन विकला? विकलेला नवरा तिचा मैतर कसा होईन?"

मी चावी सासऱ्यांच्या हातात परत दिली. मला सारे समजले म्हणून दिली, असे मी इथे खोटे सांगणार नाही. चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून दिली. मनात राग होता. आजी मात्र उठली, मांडवात आली आणि त्रिशरण-पंचशील सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाली.

सहा महिन्यांनी बायकोने सांगितले, त्या स्कूटरसाठी तिच्या वडिलांनी धानाच्या दोन बांध्या गहाण ठेवल्या होत्या. स्कूटर विकून त्यांनी त्या सोडवल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी आजीच्या पाया पडायला गेलो, तर तिने पाय मागे घेतले. "माह्या नको पडू. तिच्याशी नीट वाग," एवढेच म्हणाली आणि सूप पुढे ओढले.

तिच्या सांगण्यावरून आम्ही तेरवी केली नाही. पुण्यानुमोदन केले आणि मुलांना वह्या वाटल्या. तिचे सूप अजून घरात आहे.

बंधूंनो, हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. तरी आपल्या मांडवाच्या दारात काय काय उभे असते, हे आपण सारे जाणतो. पुढच्या लग्नाला जाल तेव्हा एकदा निंबाखाली पाहा. तिथे कोणी म्हातारी बसलेली नसेल, तर आपण बसायचे. तिला हीच आदरांजली.

जयभीम! नमो बुद्धाय!