बर्फाच्या कप्प्यातली कुपी

वसईच्या एव्हरशाईन सिटीत शेजारच्या काकूंनी इन्सुलिनची कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. "तू नाही का लॅबमध्ये अँटीबॉडी गोठवतेस?" सवाल बिनतोड!

अँटीबॉडी म्हणजे हार्मोनला नेमके ओळखून धरणारे प्रथिन. 1959-60 मध्ये रोझालिन यॅलो आणि बर्सन यांनी तिच्याच साह्याने रक्तातले इन्सुलिन मोजले; यॅलोबाईंना 1977 चे नोबेल मिळाले. ती आम्ही उणे 20 अंशांवर ठेवतो, पण थोडी थोडी वेगळ्या नळ्यांत वाटून. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवत नाही. तिची पकड ढिली होते, माप चुकते. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज तर नकोच.

इन्सुलिन मात्र एकदाही गोठता कामा नये. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावी. काकूंची कुपी दिसायला स्वच्छ होती, तरी टाकायला लावली. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.