मोडीत निघालेली मोटार आणि विमेदाराचा हक्क



अपघातात वा पुरात मोटार निकामी झाली, की विमा कंपनी देऊ करील ती रक्कम निमूटपणे स्वीकारावयाची, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. मोटारीचे घोषित विमा मूल्य पॉलिसी घेतानाच ठरलेले असते. कंपनीची विक्री किंमत ६ लाख रुपये असलेली मोटार दोन वर्षांहून जुनी, पण तीन वर्षांच्या आतील असेल, तर प्रचलित कोष्टकानुसार ३० टक्के घसारा वजा जाता हे मूल्य ४ लाख २० हजार रुपये होते. दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे ३ लाख १५ हजारांहून, अधिक झाल्यास मोटार पूर्णतः नष्ट समजली जाते. अशा वेळी पुन्हा घसारा लावावयाचा नसतो. पॉलिसीतील ठरीव वजावट तेवढी होते.

मोडकी मोटार स्वतःकडे ठेवल्यास भंगाराची किंमतही वजा होते. खरी घासाघीस तेथेच असते. म्हणून ती किंमत कशी ठरली, हे लेखी विचारावे. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी. ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर घाईने सही करू नये. लेखी तक्रारीनंतर महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे, वकिलाविना व विनाशुल्क, एक वर्षाच्या आत दाद मागता येते.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगाव पोचवावी. हक्क ठाऊक असेल, तरच तो मागता येतो.